पाळीपत्रकातली एक ओळ

मिल्या, तुझ्या घरी माणसं भेटायला येतायत आणि मी कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून प्रत्येकाकडं संशयानं बघतोय. हा कोण? ह्याचं मिल्याकडं काय काम होतं? हा रडतोय ते खरं रडतोय का? सुजातावहिनी चहाचं विचारून गेल्या, तर मी मान हलवली आणि मनात म्हटलं, ह्यांना तरी माहीत असेल का? तू असतास तर म्हणाला असतास, "सुभ्या, मयताच्या घरात बी चुका शोधाय बसलास काय?"

बसलोय. काय करू? बुद्धवंदना झाली, मेणबत्त्या लागल्या, तुझ्या फोटोला पांढऱ्या फुलांचा हार घातला. सगळे म्हणाले, माणूस लाख मोलाचा. मीही म्हटलं. पण कुठंतरी पाणी मुरतंय असं मला गेली कित्येक वर्षं वाटत आलंय आणि तू गेलास म्हणून ते मुरायचं थांबलेलं नाही. एका ओळीसाठी तू मला फसवलंस की नाही, एवढंच मला कळायला पाहिजे होतं. आता ते कोण सांगणार, कप्पाळ?

शाहूपुरीतलं आपलं ऑफिस आठवतंय का? खाली पेंडीचं दुकान, वर आपण. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि जिना चढून येणारा पेंडीचा वास. सुरुवातीला लोक टीव्ही दुरुस्तीला घेऊन यायचे. मी प्रोग्राम लिहायचा आणि तू गिऱ्हाइकाकडं जाऊन त्याला काय पाहिजे ते विचारून, लिहून आणायचं, अशी आपली वाटणी. मला वाटायचं सोपं काम तुझ्याकडं गेलं. बोलायचं, चहा प्यायचा, चार पानं लिहायची. मी मात्र मान मोडून बसायचं.

पण तुझ्याइतका संशयी माणूस मी जन्मात बघितला नाही. गिऱ्हाइकानं "आज मंगळवार हाय" म्हटलं तरी तू कॅलेंडर बघणार. "गिऱ्हाईक खोटं बोलत न्हाय, सुभ्या," तू म्हणायचास, "पण गरज बी सांगत न्हाय. ते मागतंय. मागणं येगळं, गरज येगळी." मी म्हणायचो, भावा, तो पैसे देतोय, मागतोय ते देऊ की, तुझ्या बापाचं काय जातंय? तू हसायचास आणि माझ्या कागदावर लाल पेन चालवायचास.

तो लाल पेन! पहिल्यांदा तू आजारी होतास म्हणून मीच एका दूध संस्थेच्या मागण्या लिहून आणल्या होत्या. मोठ्या ऐटीत लिहिलं होतं, 'प्रणाली जलद, सुलभ व गरजेनुसार बदलता येण्याजोगी असावी.' तू तापात पडल्या पडल्या वाचलंस आणि विचारलंस, "जलद म्हंजे? दूध घालायला आलेली बाई रांगेत उभी ऱ्हाते, तिच्या हातात पावती कवा पडली की जलद म्हणायचं? सुलभ कुणाला? तुला का पहाटं झोपंतनं उठून आलेल्या त्या मापाड्याला?" मी म्हटलं, अरे अशीच भाषा असते. तू म्हणालास, "भाषा नगं. हे झालं न्हाय, हे कुणी अन् कसं ओळखायचं, ते लिव्ह. ते लिवता येत न्हाय त्याला रिक्वायरमेंट म्हणत न्हाईत, त्याला आशीर्वाद म्हणत्यात." लई राग आला होता तुझा. आजही ते वाक्य मी नव्या पोरांना माझंच म्हणून सांगतो.

आणि हुपरीचे ते दोन भाऊ! चांदीचे व्यापारी. घरोघरी चांदी द्यायची, पैंजण करून घ्यायचे, असा त्यांचा धंदा. थोरला म्हणाला, "आम्हाला कॉम्प्युटरवर सगळं दिसाय पायजे." मी लगेच पडदा कसा दिसेल ते कागदावर काढायला लागलो. तू शांतपणे विचारलंस, "दिसाय पायजे. पण कुणाला?" मिल्या, ती खोली अशी गार पडली! थोरला धाकट्याकडं बघेना, धाकटा थोरल्याकडं. मग धाकटा पान थुंकायला म्हणून बाहेर गेला आणि तू त्याच्या मागोमाग. परत आलास ते दोन पासवर्ड घेऊन. कुणाला काय दिसावं हे त्या दोघांनी तुझ्यामार्फत ठरवलं आणि एकत्र घर आणखी काही वर्षं एकत्र राहिलं. परतीच्या एस्टीत मी विचारलं, धाकटा तुला काय म्हणाला रे? तू खिडकीबाहेर बघत म्हणालास, "ते तुला कशाला पायजे? तुला काय करायचं ते लिवलंय की." तेव्हापासून माझ्या डोक्यात किडा पडला. हा माणूस सगळ्यांचं काढून घेतो आणि आपलं काही देत नाही.

तुझी ती वाचनाची पद्धत तर कुठल्या पुस्तकात नव्हती. बाकीचे लोक इंग्रजीत जाडजूड कागद करून सही घ्यायचे. तू आपल्या मराठीत, एका ओळीत एकच गोष्ट असं लिहायचास आणि मालकापासून शिपायापर्यंत सगळ्यांना बसवून, उभा राहून मोठ्यानं वाचायचास. ह्या गावात मालकासमोर 'न्हाय' म्हणायची पद्धत नाही, हे तुला माझ्याआधी कळलेलं. मालक बसलेला असेल तर खोलीतल्या सगळ्या माना वरखाली. मला ते एकमत वाटायचं. तू म्हणायचास, "जो लई मान हलवतोय त्याला सोड. चहा संपला तरी कप खाली ठेवत न्हाय, त्याला गाठ." आणि मग तू त्या माणसाला बाहेर, एकटा, स्टँडवर नाहीतर पानपट्टीवर गाठायचास. पुढच्या वाचनात एखादी ओळ वाढलेली असायची. ती कुणाची हे तू कधीच सांगायचा नाहीस.

एवढं असूनही मी तुझ्यावर जीव टाकत होतो, हेही सांगतो. माझ्या घरी तू पहिल्यांदा जेवायला आलास तेव्हा आत्तीनं विचारलं होतं, "पावणं, आडनाव काय म्हणायचं?" तू म्हणालास, "प्रोग्रामर." आई हसली, आत्ती हसली नाही. तू तांबडा रस्सा दोनदा मागून घेतलास. जाताना जिन्यात मी म्हटलं, आत्तीचं मनावर घेऊ नको. तू म्हणालास, "तिनं निदान विचारलं तरी." तो टोमणा होता का माफी होती, ते मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. तुझं असं कितीतरी पडून आहे माझ्याकडं.

आता त्या कारखान्याकडं येतो. नाव घेत नाही, घ्यायचं कारण नाही. दोन हजार साल लागलं की कॉम्प्युटर बंद पडतील ही भीती ओसरली होती आणि सगळ्यांना कॉम्प्युटर पाहिजे होता. माझे सख्खे मामा तिथं संचालक, त्यांच्या शब्दावर आपल्याला काम मिळालं. ऊसतोडीचं पाळीपत्रक कॉम्प्युटरवर करायचं. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. नोंदीप्रमाणं यादी लावायची आणि छापायची. मी आनंदानं वेडा झालो होतो. एवढं काम झालं की जिल्ह्यात नाव, मग पेंडीच्या वासातून सुटका.

पहिल्या बैठकीला केबिनमध्ये सगळे होते. मामा म्हणाले, "एक ध्यानात ठेवा. विशेष बाब म्हणून पाळी मागं-पुढं कराय यायला पायजे." सगळ्या माना हलल्या. तू विचारलंस, "विशेष बाब कोण ठरवणार?" मामा खदखदून हसले. "आम्ही की! आनि कोण?" सगळे हसले. तूही हसलास. मी ओळ लिहून टाकली, 'विशेष बाब म्हणून क्रम बदलण्याची सोय असावी.' तुझ्या तोंडाकडं बघितलं तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं.

पंधरवड्यानं हॉलमध्ये तुझं वाचन झालं. सगळं नीट चाललं होतं. मग तू वाचलंस, "क्रम बदलायचा झाला तर तो कुणाच्या सांगण्यावरून बदलला त्या व्यक्तीचं नाव भरावं लागेल. नाव भरल्याशिवाय क्रम बदलू नये. आणि ते नाव त्याच पाळीपत्रकावर, बदललेल्या ओळीसमोर छापलं जावं."

मिल्या, मी ती ओळ पहिल्यांदा तिथं ऐकली. माझा पार्टनर, माझं काम, माझे मामा, आणि मला त्या सगळ्या गर्दीबरोबर कळतंय! मामांचा चेहरा उतरला. "ही ओळ कुणी सांगितली?" त्यांनी विचारलं. तू म्हणालास, "गरज हाय." "कुणाची?" "कामाची." मामांनी माझ्याकडं बघितलं, मी जमिनीकडं. चहा आलाच नाही. आठवड्यानं निरोप आला की संचालक मंडळ दुसऱ्या पार्टीचा विचार करतंय.

निरोप आला त्या संध्याकाळी कळंब्याच्या रस्त्यावर मी स्कूटर थांबवली आणि तुला खाली उतरवलं. म्हटलं, "गरज गिऱ्हाइकाची असती, आपली न्हवं. तूच शिकवलंस ना? अन् तूच आपली ओळ त्यांच्या तोंडात घातलीस. तुझ्या अण्णांचा ऊस पाळी चुकवून तुरा येऊन वजन घटेपर्यंत उभा ठेवला होता, त्याचा राग तू माझ्या कामावर काढलास." तुझ्या वडिलांची ती गोष्ट तूच मला सांगितली होतीस, एकदाच, कॉलेजात. ती मी तुझ्यावर फेकून मारली. तू माझ्याकडं बराच वेळ बघत राहिलास. मला वाटलं आता बोलशील. तू म्हणालास, "झालं सांगून? चल मग," आणि परत मागं बसलास. मला तर रडू येत होतं रागानं.

त्याच वर्षी आपण वेगळे झालो. भांडण नाही, मारामारी नाही, तू तुझा लाल पेन घेऊन गेलास एवढंच. पुढं भेटत राहिलो. तुझ्या पोरीच्या नावाच्या कार्यक्रमाला आलो, माझी आई गेली तेव्हा तू स्मशानात शेवटपर्यंत थांबलास. चहा किती झाले त्याला गणती नाही. पण ती ओळ आपल्या दोघांत बसून राहिली, न बोलवता आलेल्या पाहुण्यासारखी. आणि माझं डोकं तर काय, मन चिंती ते वैरी न चिंती. कधी वाटायचं, दुसऱ्या पार्टीनं तुला फितवलं. कधी वाटायचं, तुला माझ्यापासून सुटायचंच होतं आणि तू कारण शोधलंस. पण सगळ्यात जास्त वाटायचं ते हेच की तू अण्णांचा सूड घेतलास. सूड घेतलास तरी मी समजून घेतला असता, लेका. गरज म्हणून खपवलास ते मला सोसलं नाही.

तर एवढ्यात तुझ्याकडं एक म्हातारा आला. पांढरा सदरा, हातात पिशवी. तुझ्या फोटोसमोर बराच वेळ उभा राहिला, मग सरळ माझ्या शेजारी येऊन बसला. "तुम्ही सुभाषराव न्हवं?" मला पक्की शंका, विमा एजंट असणार. म्हटलं, "आपण?"

"मी मगदूम. कारखान्याच्या शेती खात्यात क्लार्क हुतो. आता रिटायर. जरा भाईर येता?"

कारखान्याचं नाव काढल्याबरोबर मी उठलो. बाहेर तुझ्या गाडीपाशी उभं राहून तो बोलायला लागला. म्हणाला, "पाळीपत्रक माझ्याच टेबलावर व्हायचं. वरनं फोन यायचा, अमक्याला वर घे. मी घ्यायचा. फोन करणारा नामानिराळा. ज्याची पाळी खाली गेली त्यो माझ्या दारात. एकानं तर भर बाजारात, बायकापोरांदेखत माझी गचांडी धरली. किती खाल्लंस म्हणाला. साहेब, त्या फोनवाल्याचा मी चहा बी प्यायलो न्हवतो."

त्यानं पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली.

"केबिनमधली बैठक झाली, त्या दिवशी मिलिंदरावांनी मला स्टँडवर गाठलं. म्हणाले, तुम्हाला कायतरी म्हणायचं हुतं, म्हणला न्हाईसा. मी म्हटलं, न्हाय बा. एस्टी आली, गेली. ते उठंनातच. मग सांगितलं. म्हटलं, पाळी फिरवा, माझी ना न्हाय, पर ज्यानं सांगितलं त्येचं नाव बी छापा. शिव्या मला कशाला? अन् हे मी म्हटलं म्हणून कुठं बोलू नगा, नोकरी जाईल."

मिल्या, मी तुझ्या गाडीला टेकलो. मग पहिली शंका कुठली आली म्हणशील? हा खोटं तर बोलत नाही? मेलेल्या माणसाला चांगलं म्हणायला लोक काहीही रचतात. मी त्याला म्हटलं, "मग काय झालं त्या ओळीचं? काम तर दुसऱ्यानं केलं."

तो हसला. "ओळ गेली की. पर हॉलमधे मोठ्यानं वाचली न्हवं का? त्या हंगामाला फोन लई कमी आले. कवा छापतील, काय नेम! अन् मी नोकरी पुरी करून घरी आलो."

मग मी विचारलं, जे मला विचारायचंच होतं. "मला का नाही सांगितलं त्यानं? मी मामांचा भाचा म्हणून तुम्हीच नको म्हणालात?"

"न्हाय, न्हाय. मी उलट म्हटलं, तुमच्या पार्टनरला सांगा, भला माणूस दिसतोय. तेच नगं म्हणाले. म्हणाले, सुभ्याला खोटं बोलाय येत न्हाय. मामानं डोळ्यात बघून इचारलं तर त्येच्या तोंडातनं नाव जाईल. त्येला ठावंच नसलेलं बरं."

आणि मामांनी विचारलं होतं, मिल्या. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटलंच नव्हतं. त्या वाचनाच्या दुसऱ्या दिवशी मामा आमच्या घरी आले, आईसमोर मला बसवलं आणि विचारलं, "भाच्या, ऑफिसातलं कोण फुटलं? नाव सांग." मी म्हटलं, मामा, आईशप्पथ मला माहीत नाही. मामांनी माझ्याकडं टक लावून बघितलं, आणि त्यांना पटलं. तो विषय तिथंच संपला. मगदूमांची नोकरी वाचली ती माझ्या त्या अज्ञानावर, आणि मी मात्र तू मला अंधारात ठेवलंस म्हणून धुमसत होतो. तू सगळ्यांचं ओळखायचास, तसं माझंही ओळखलं होतंस. गैरसमज झाला तर होऊ दे, एवढा विचार करून. कामाची किंमत, माझ्या रागाची किंमत, सगळं तू हिशोबात धरलं होतंस.

तरीसुद्धा मी मीच. मला वाटलं, हे कारण खरं का, की मगदूमांसमोर माझी अब्रू राहावी म्हणून तू बनवलेलं? की आत्तीचं ते आडनाव विचारणं तुझ्या मनात कुठंतरी होतंच? भावा, तू सरळ माणूस असतास तर मला एवढा त्रास झाला नसता.

मगदूम निघाले. फाटकापर्यंत गेले आणि मी मागून ओरडलो, तुझ्या घरच्यांना ऐकू जाईल असा ओरडलो. "अहो, पण तुम्ही रिटायर झाल्यावर? मग तरी सांगायचं होतं की त्यानं! मग कसली भीती होती?"

ते परत आले. अवघडले होते. म्हणाले, "मी बी तेच म्हटलं त्यास्नी. मागल्या साली भेटले तवा. म्हटलं, आता सांगून टाका पार्टनरला, माझी काय हरकत न्हाय. तर म्हणाले, सांगतो की. त्यानं इचारलं की लगीच सांगतो. त्यानं अजून इचारलंच न्हाय."

मी कळंब्याच्या रस्त्यावरचं सगळं आठवून बघितलं, एकेक वाक्य. मी तुला सांगितलं होतं, सुनावलं होतं, अण्णांचं नाव काढलं होतं. एकही प्रश्न नव्हता त्यात. आणि नंतर एवढे चहा प्यायलो, एवढ्या वेळा तू समोर बसलास, कप रिकामा झाला तरी बसून राहिलास, आणि मी पावसापाण्याचं बोलत राहिलो. हुपरीच्या व्यापाऱ्यापासून दुधाच्या मापाड्यापर्यंत सगळ्या जगाला तू विचारत फिरलास, आणि तुला कुणी विचारावं म्हणून माझ्यासमोर बसून राहिलास.

मगदूम गेले. वहिनींनी आतून हाक मारली, चहा निवतोय म्हणून. मी आत आलो आणि तुझ्या फोटोपुढं उभा राहिलो. लोक बघत होते. बघू देत.

मिल्या, ती ओळ कुणाची होती रे?